इन्सब्रुकमधला आमचा पोळा

"हिला कशापायी आणलंय? आल्यापास्नं तोंडातून शब्द न्हाई!"

आमच्या दूधसंघाचे उपाध्यक्ष बापूराव कुजबुजले. (त्यांची कुजबुज रस्त्यापलीकडच्या माणसालाही ऐकू येते.) संघाचे अध्यक्ष, म्हणजे माझे काका, ताठ झाले.

"इंग्रजी शाळंतली हाय. येळ आली की फाडफाड बोलंल!"

ती वेळ येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात नवस बोलले.

संघाच्या अभ्यास दौऱ्यावर मला दुभाषी म्हणून आणलं होतं. गावाकडे दुष्काळ, जनावरं चारा छावणीत आणि आम्ही ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये! संघात आधीच कुरकुर, त्यात अध्यक्षांनी सोबत स्वतःची बायको, म्हणजे माझ्या काकू, आणि वर पुतणीही नेलेली. मी बोलले नाही, तर बापूराव सर्वसाधारण सभेत काकांना सोलून काढणार, हे नक्की होतं.

आज डेअरी बघायची होती. पण डेअरीला सुट्टी! पर्यटन कार्यालयाच्या पुस्तिकेत शहराचे वर्षभराचे उत्सव छापले होते. उन्हाळ्यात चौकाचौकांत संगीत, नाताळात बाजार... आणि नेमकी आज, डोंगरावर चरून परतणाऱ्या गायींची मिरवणूक. पाहुण्यांनी जरूर पाहावी अशी! हे मी काकांना हळूच सांगितलं आणि तिथंच चुकलं.

"म्हंजी पोळाच की!" काका म्हणाले.

गायी आल्या. डोक्यावर फुलांचे मुकुट, गळ्यात घागरीएवढ्या घंटा, आणि अंग असं तुकतुकीत की माशी बसली तर घसरावी. आमचं अख्खं संचालक मंडळ अस्वस्थ झालं. कुणी टोपी काढली, कुणी काढलेली पुन्हा घातली. काकू तर रडकुंडीला आल्या.

"आमची चांदी तिकडं छावणीत उसाचं वाढं चघळतीया, आन् ह्या बघा!" असं म्हणत त्यांनी पिशवीतल्या गुळाच्या दशम्या पदरात घेतल्या आणि मिरवणुकीची दोरी ओलांडली.

"काकू, नको!" मी ओरडले. (मनात.)

पोळ्याला जनावराची पूजा झाल्याशिवाय ते पुढे जाऊ द्यायचं नसतं. म्हणून काकाही गेले आणि पहिल्या गायीपुढे हात जोडून उभे राहिले. काकूंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मिरवणूक थांबली! मागच्या गायी पुढच्यांवर आदळल्या, घंटा खणाणल्या, बँडवाल्यांचा सूर गेला. बघणाऱ्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. टाळ्याच टाळ्या!

टाळ्या पडताहेत म्हटल्यावर बापूराव कसले मागे राहतात? वडवणीच्या बाजारात दात बघितल्याशिवाय त्यांनी कधी गायीशी ओळखसुद्धा केलेली नाही. त्यांनी सरळ तिचा जबडा उघडला.

"सहादाती हाय! लई झ्याक जनावर!"

गायीनं मान झटकली. उघडलेलं तोंड रिकामं कशाला मिटायचं, म्हणून तिनं समोरचा पदर धरला आणि दशम्यांसकट चघळायला घेतला.

"सोड गं माय! नवं लुगडं हाय!" काकू किंचाळल्या. पण प्रत्येक घासागणिक त्या गायीच्या आणखी जवळ चालल्या होत्या. गुराखी जर्मनमध्ये काहीतरी ओरडत होता, काका "शांत, शांत" म्हणत गायीला नमस्कार करत होते आणि बापूराव अजून जबडा सोडत नव्हते.

एवढ्यात निवेदन करणारी बाई धावत आली. "इंग्रजी कुणाला येतं?" तिनं विचारलं. आमच्या संपूर्ण मंडळानं माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या हातात माइक आला.

"बोल पोरी!" काका हात जोडूनच म्हणाले. "इंग्रजीत बोल. मोठ्यानं!"

कुणाशी बोलायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. काकू आता गायीच्या नाकाला नाक लावून उभ्या होत्या. मी माइक घट्ट धरला, थेट गायीकडे वळले आणि अख्ख्या शहराला ऐकू जाईल अशा आवाजात, अत्यंत अदबीनं म्हणाले,

"एक्स्क्यूज मी, मॅडम! प्लीज!"