हवापालटाला आकुर्डी

आमच्या चिपळुणात एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एक गाव असतं. माझ्या मोहनच्या अंगभर घामोळं उठलं तेव्हा ते म्हणाले, "पोराला पुण्याकडे ने. तिथली हवा कोरडी आणि थंड." ते स्वतः पुण्याला एकदाच गेले होते, आणि तेही जानेवारीत, हे मला एसटी कुंभार्ली घाट चढून गेल्यावर आठवलं. तोवर तिकीट काढून झालं होतं.

माझी थोरली बहीण आकुर्डीला राहते. भाऊजी तिथल्या एका कारखान्यात हॅमरवर आहेत, म्हणजे लालबुंद लोखंड यंत्राच्या घणाखाली धरून ठोकून घ्यायचं काम. आकुर्डी पुण्याकडेच आहे, यात खोटं काही नाही. आम्ही फाट्यावर (मुख्य रस्त्याला गावचा रस्ता फुटतो ती जागा) उतरलो तेव्हा रस्त्याचं डांबर चपलेला चिकटलं. हवा मात्र मास्तरांच्या वचनाप्रमाणे कोरडी होती. आपल्याकडे निदान घाम येतो. इथे तो यायच्या आतच वाळतो.

"बाबा, थंड कुठाय?" मोहनने विचारलं.

"पुढे असेल," मी म्हटलं.

पुढे कारखाने होते. फाटकाशी हिरवळ, गुलाबांचे ताटवे आणि त्यांच्यावर भर दुपारी पाण्याचे फवारे. या भागात गुलाबांची प्रकृती फार जपतात.

ताईची खोली एका शेतकऱ्याच्या जागेतल्या चाळीत. वर सिमेंटचे पत्रे, आत एक खिडकी, एक खाट, एक पंखा. घरमालकीण ठकूबाई शेजारीच जुन्या घरात राहतात आणि दिवसभर अंगणातल्या लिंबाखाली (कडुनिंबाखाली) बसून भाडेकरूंवर लक्ष ठेवतात. ताईने जेवायला पिठलं-भाकरी आणि कैरीचं पन्हं केलं होतं. जेवण झाल्यावर तिने मोहनच्या खिशात एक कांदा कोंबला. "इथलं ऊन वाईट. कांदा असला की लागत नाही," ती म्हणाली. चाळीतल्या प्रत्येक पोराचा खिसा फुगलेला होता, तेव्हा शास्त्र पक्कं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी रातपाळीहून आले. चहा प्यायले, मोहनच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. ताईने पंखा त्यांच्यावर रोखला, मोहनला आणि आपल्या सुमनला बाहेर काढलं, दार ओढलं आणि डब्याची रिकामी पिशवी कडीला अडकवली. चाळीतल्या निम्म्या दारांवर अशा पिशव्या लोंबत होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"आत माणूस झोपलाय. पिशवी निघेपर्यंत पोरांनी आत यायचं नाही. रात्रभर घणाशी उभं राहायचं, झोप मोडली तर हात जाईल यंत्रात."

"आणि पोरं?"

"माळावर. रोजचंच आहे. खेळतात की."

मी बऱ्याच देवळांत जाऊन आलो आहे, पण इतकी शांतता कुठे पाहिली नाही. पोरं चवड्यांवर चालत होती. बायका नळावर खुणांनी भांडत होत्या. कमावत्या माणसाची झोप अशी जपणारी वस्ती पाहून मी भारावलो आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसलो.

ऊन चढलं. ठकूबाईंनी मला न्याहाळलं.

"पावनं, पोरगं कुठं हाय?"

"माळावर खेळतंय."

"या टायमाला? आमी बैलबी सोडत न्हाई."

"कांदा आहे ना खिशात."

"मंग बैलाच्या गळ्यातबी बांधू का एक?" त्या म्हणाल्या.

मी हसलो. हसू पुरं व्हायच्या आत सुमन धावत आली. "मामा, मोहन उठत नाही."

माळावर यंत्रांची लाकडी खोकी टाकलेली होती, खोलीएवढी. सावली म्हणून पोरं त्यात घर-घर खेळत. आत वाकलो तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी धग आली. मोहन कोपऱ्यात मान टाकून बसला होता. तोंड लाल, अंग कोरडं आणि तापलेलं, डोळे अर्धे उघडे. हाक मारली तरी ओ नाही. कांदा खिशात सुखरूप होता. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याला उचललं आणि पळत सुटलो.

दारात ताईने सवयीने ओठांवर बोट ठेवलं. मग तिने मोहनला पाहिलं आणि किंचाळली. मी लाथेने दार उघडलं. ठकूबाईंनी पोराचे कपडे ओढून काढले, अंगावर पाणी ओतलं, ओली लुगडी गुंडाळली. ताईने पंखा फिरवला. कुणाचा तरी धक्का लागून भरला हंडा फरशीवर आदळला. बायका ओरडत होत्या, कुणी रिक्षा आणायला पळालं, सुमनने भोकाड पसरलं.

भाऊजी झोपले होते.

आम्ही मोहनला त्यांच्या खाटेवर ठेवलं आणि पाणी त्यांच्या पाठीखाली गेलं, तेव्हा ते दचकून उठले. "काय झालं? हाक का नाही मारलीत?"

"अहो, हंडा पडला," ताई म्हणाली. "अख्खी चाळ ओरडतेय."

त्यांनी खाली पडलेल्या हंड्याकडे पाहिलं. तेवढ्यात मोहनचे ओठ हलले. "पाणी," तो म्हणाला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. भाऊजी त्याच्या तोंडाशी कान नेऊन विचारत होते, "काय? काय म्हणतोय?"

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली.

"दोन वर्षं झाली," भाऊजी मान खाली घालून म्हणाले. "हॅमरने कान गेले. कंपनीत कळलं तर हॅमरवरून काढतील म्हणून बोललो नाही. मला वाटायचं, पोरं शहाणी झालीत, दंगा करत नाहीत."

"मग मी पोरांना कुणासाठी बाहेर काढत होते?" ताई म्हणाली.

दवाखान्यात सलाइन लागलं. संध्याकाळी मोहनने आंबा मागितला तेव्हा मी बाहेर जाऊन रडून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं, भर उन्हात पोरांना घरात नाहीतर झाडाखाली ठेवा, तहान लागायची वाट न बघता पाणी पाजा, आणि कांदा जेवणात वाढा.

ताईने कडीची पिशवी काढली. खिडकीला ओलं बारदान (पोत्याचं कापड) लागलं आणि पंखा सगळ्यांवर फिरू लागला. लिंबाखाली ठकूबाईंनी पाण्याचा माठ मांडला. शेजारच्या काही दारांवर पिशव्या अजून होत्या. तिथले कान शाबूत असतील, किंवा कुणी विचारलं नसेल.

निघायच्या दिवशी भाऊजी झोपले होते आणि खाटेखाली सुमन पातेली वाजवत होती. मोहन चवड्यांवर खाटेपाशी गेला आणि कुजबुजला, "काका, येतो."

"मोठ्याने बोल," सुमन म्हणाली. "बाबांना चालतं."

चिपळुणात पोस्टमास्तर विचारायला आले, "मानवली का हवा?" पोराला महाबळेश्वरला नेलं असतंस तर बरं झालं असतं, असंही म्हणाले. मी त्यांना एक कांदा भेट दिला.

मोहन आता बरा आहे. घामोळं तसंच आहे. फक्त मी दुपारी आडवा झालो की तो जवळ येतो आणि अगदी हळू म्हणतो, "बाबा." मी डोळे न उघडता "ओ" देतो. मग तो ओटीवर खेळायला जातो.