पश्चिमेची भिंत आणि मिस्त्रीचाचा

मिस्त्रीचाचा घरात आले की आधी आम्हाला नव्हे, भिंतींना भेटत. बोटांच्या पेरांनी टकटक करत सगळं घर फिरायचं, मग चहा. तोही उभ्यानंच. "बसा की चाचा," म्हटलं तर म्हणत, "बसलं की हाडं गंजत्यात, मास्तर."

कागलजवळच्या मळ्यातलं हे घर मी घेतलं, तेव्हा त्याचा इतिहास कागदावर नव्हता, चाचांच्या तोंडात होता. कुरुंदवाडच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं ते बांधलं; गवंडी चाचांचे आजोबा. पुढं रेल्वेतून निवृत्त झालेल्या कांबळेसाहेबांनी घेतलं. त्यांना वाचायला उजेड हवा होता, म्हणून पूर्वेला खिडकी काढली चाचांच्या वडलांनी. तिसरा मालक मी. "मालक बदलत्यात, गवंडी आमीच," हे चाचा मला मुद्दाम ऐकवत.

आणि मी शहाण्यानं काय करावं? चाचा लेकीकडं नेसरीला गेले असताना पश्चिमेच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून घेतला. एकदम चकाचक! परत आल्यावर चाचांनी एकदाच ठोकलं आणि भडकले. "कुणाला इचारून केलंसा? भितीचं नाक दाबलंसा की! आता आतली ओल जाणार कुठनं?"

पावसाळ्यात भिंतीला पोट आलं. इंजिनिअर म्हणाला, घर पाडा. माझा मुलगा तर नव्या बंगल्याचा नकाशाच घेऊन आला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चाचा मुलाला म्हणाले, "दिवाळीपतूर थांब. भित वाळली न्हाय, तर पयला घण मीच घालतो."

पाऊस ओसरला तसं सत्तरी उलटलेल्या त्या माणसानं सगळं सिमेंट खरवडून काढलं. चुना भिजवला, आजोबांसारखं त्यात गुळाचं पाणी घातलं आणि गिलावा चढवायला घेतला. मी सारखा विचारायचो, "वाळेल ना हो?" "चुना हाय त्यो, मास्तर. त्येला घाई कळत न्हाय." घाई त्यांनाच होती, जेवायलासुद्धा बसत नसत. कोपऱ्यात हातभर गिलावा राहिला होता, त्या सकाळी ते आलेच नाहीत. सुनेचा फोन आला. चाचा गेले होते.

तो हातभर तुकडा मी त्यांच्याच थापीनं पुरा केला. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

दिवाळीला मुलानं भिंतीवरून हात फिरवला. कोरडी ठणठणीत! त्यानं नकाशा गुंडाळून गाडीत टाकला. घर राहिलं.

तरी मला चैन नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन उभा राहतो. आधी त्यांचा गिलावा ठोकतो, मग माझा. माझ्या तुकड्याचा आवाज जरा वेगळाच येतो. चाचा, एकदा येऊन ठोकून बघा की.