न विचारलेली सुपारी

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास बर्डीच्या बाजारात दातांचा दवाखाना टाकला, तेव्हा प्रत्येक रोग्याला विचारायचे अकरा प्रश्न मी पुठ्ठ्यावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. गरम लागतं का, थंड लागतं का, चावताना कळ येते का, गालावर सूज आली होती का. यादी संपल्याशिवाय मी कुणाच्या तोंडात आरसा घालत नसे.

सावनेरहून एक बाई आल्या, पंचेचाळिशीच्या. खाली डावीकडे, चावताना कळ. एक्स-रेत तिथल्या दोन्ही दाढा स्वच्छ, कीड नाही. त्यांनी शेवटच्या दाढेवर बोट ठेवलं. दोनदा औषध दिलं. तिसऱ्यांदा त्या काढाच म्हणाल्या आणि मी ती दाढ काढली. कापसात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. तशी माझी पद्धतच होती.

पंधरा दिवसांत त्या परत आल्या. कळ तशीच होती.

मग मी शेजारच्या दाढेभोवती हिरडीत बारीक सळई फिरवली. सगळीकडे ती जेमतेम टेकत होती. मागच्या मुळापाशी एका जागी मात्र सरळ खोल गेली. मूळ उभं चिरलं होतं. अशी चीर एक्स-रेत बहुधा दिसत नाही, आणि न किडलेल्या दाढेत मी ती तोवर पाहिलीच नव्हती. कशानं चिरली असेल, असं विचारल्यावर त्यांनी बटव्यातून अख्खी सुपारी काढून दाखवली. अडकित्ता मोडल्यापासून दातानंच फोडत होत्या.

"आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच कुठं, डाक्टरीणबाई?"

मी दाढेचे दोन भाग केले. चिरलेलं मूळ काढलं, पुढच्या मुळातली नस काढून ते भरलं. अर्धी दाढ वाचली. शेवटच्या खेपेला त्यांनी बटव्यातून कापसाची पुडी काढून टेबलावर ठेवली.

"हे तं चांगली होती ना? मंग बसवून द्या मले."

आता ती बसत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुडी तिथेच ठेवून बस पकडायला निघून गेल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुठ्ठा त्यानंतर दोनदा बदलला. सुपारीचा प्रश्न आता सगळ्यांत वर आहे. पुडी खणात आहे. खण आवरताना दरवेळी ती दाढ भिंगाखाली धरते, मुळं फिरवून फिरवून बघते. एखादी बारीक चीर सापडावी म्हणून.