गोळी आधी, घास नंतर

अन्याय झाला तो माझ्या घरमालकीण काकूंवर. दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सातच्या आत, लातुरातल्या आमच्या गल्लीमागच्या बागेत. डॉक्टरांनी ‘चाला’ सांगितलं म्हणून काकू चालत होत्या, आणि चालता चालता फरशीवर बसल्या त्या आडव्याच झाल्या.

मी मागंच होते. मी नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरची. इथं काकूंच्या माडीवर भाड्यानं राहते, बायकांच्या प्रश्नांवर पत्रकं लिहिते आणि चौकात उभी राहून वाटते. पहाटे उठायचा माझा पिंड नाही. पण काकू म्हणाल्या होत्या, “एकटी निघाले की सगळी गल्ली इचारती, कुठं चालल्या मनून. तू संगं असलीस की कुणी इचारत न्हाई.” नातवंडं असलेल्या बाईला स्वतःच्या गल्लीतून बाहेर पडायला माझ्यासारख्या पोरीची सोबत लागावी, याच रागानं मी उठत होते.

काकूंची साखर वाढली होती. आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी गोळी बदलून जोराची दिली आणि चालायला सांगितलं. किती, कसं, कधी, काही नाही. काकूंनी मनानंच ठरवलं. पहिल्या दिवशी हळू, दुसऱ्या दिवशी जरा जोरात, आणि मग बागेतल्या बायकांच्या घोळक्याला मागं टाकायची ईर्षा. घोळक्यातल्या एकीनं सल्ला दिला, रात्रीचं जेवण सोडा, साखर झटक्यात उतरते. रविवारी रात्री काकूंनी तेही सोडलं.

कोसळल्या तेव्हा त्यांचं अंग घामानं निथळत होतं आणि हात थरथरत होते. भोवती माणसं जमली.

“मिरगी हाय, चप्पल हुंगवा!”

“मिरगी नाय वो, बीपी हाय.”

“कामून पळायचं म्हातारपणी? घरी देवाचं नाव घ्यावं.”

हे शेवटचं बोलणाऱ्या गृहस्थांचं पोट त्यांच्या आधी बागेत शिरत असे. 

गेटावरच्या चहावाल्या बाईनं साखर आणली. “शुगरवाली हाय ना? मंग ही घाला तोंडात.” मी चिमूट काकूंच्या ओठांशी नेली. काकूंनी दात घट्ट आवळले. डोळे अर्धे मिटलेले, शुद्ध अर्धी, पण मान जोरानं हलवत होत्या. “ब्याड… ब्याड…” काकूंचं माहेर निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. शुद्ध हरपायला लागली की माहेरची कानडी वर येत असावी. नको, नको, म्हणत होत्या. जबरदस्तीनं तोंडात घातलं तर ठसका लागायचा, म्हणून मी हात मागं घेतला. दोघांनी उचलून रिक्षात घातलं.

दवाखान्यात शिरेतून साखर दिली. थोड्या वेळानं काकूंनी डोळे उघडले, छताकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, “तोंडात काय घातलं तर न्हाई ना माझ्या?”

मला वाटलं, अजून भ्रमात आहेत. नव्हत्या. पूर्ण शुद्धीत होत्या.

“न्हाई घातलं,” मी म्हणाले. त्यांनी सुस्कारा सोडला आणि गळ्यातली चांदीची डबी पदराखाली सारली.

तो सुस्कारा माझ्या डोक्यातून जाईना. मरता मरता वाचलेली बाई आणि तिला चिंता कशाची, तर साखर जिभेला लागली का याची! आप्पा, म्हणजे काकूंचे यजमान, बाजारात त्यांचं किराणा दुकान आहे, ते येईपर्यंत मी काकूंना विचारत बसले. आमच्या घरी खाण्यापिण्याचे असे नेम नाहीत, त्यामुळं मला एकेक गोष्ट विचारावी लागली, आणि काकू लहान पोराला सांगावं तसं सांगत गेल्या.

त्यांचं घर लिंगायत. गळ्यातल्या त्या चांदीच्या डबीत लिंग असतं. आंघोळ करून, ते तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय काकू अन्न घेत नाहीत. पाण्याचा घोटही नाही. लग्नाआधीपासून कधी चुकलं नाही.

“मग गोळी कशी घेता सकाळी?”

“गोळीला दोष न्हाई ग. औषध ते. उठल्या उठल्या घोटभर पाण्यासंगं घेती.”

“आणि पूजा कधी?”

“आप्पांची पूजा झाली, त्यांचं खाणं झालं, ते दुकानाला गेले, भांडी झाली, नळ आला असंल तर पाणी भरून झालं. मंग माझी. निवांत.”

म्हणजे दहा वाजून जात. उजाडायच्या आधी पोटात गोळी, आणि पहिला घास दहानंतर. मधल्या वेळात बागेत बेफाम चालणं. डॉक्टरांनी गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितली होती. काकूंनी ती सकाळची गोळी म्हणून सकाळी घेतली. जुनी गोळी मवाळ होती, तिनं हे सगळं खपवून घेतलं होतं. नव्या गोळीनं घेतलं नाही.

देव सगळ्यांचा एकच, पण त्याच्यापुढं बसायचा काकूंचा नंबर शेवटचा. मला हे ऐकून पत्रक सुचायला लागलं होतं.

आप्पा आले. घाबरलेले होते, हे खरं सांगायला हवं. पण घाबरलेला पुरुष हुकूम सोडतो. “बंद. चालणं बंद. घरात काय जागा कमी हाय का? गच्चीवर फीर.” पुण्याच्या मुलाचा फोन आला. “आई, तू आता आराम कर. मी चालायचं मशीन पाठवून देतो.”   काकूंचे नवे बूट जिन्याखाली गेले.

दोन दिवसांनी मी खाली चहाला गेले तेव्हा काकू ज्वारी निवडत बसल्या होत्या.

“काकू, जाऊ द्या ना. गच्चीवर चाला.”

“तुला पण तसंच वाटतंय?” त्यांनी सूप खाली ठेवलं. “माझ्या अव्वाला, आईला पण साखर होती. पायाला जखम झाली, ती चिघळली, पाय कापला. मंग खाटेवर. आम्ही बहिणी पाळीपाळीनं तिचं सगळं करायचो आणि ती भिंतीकडं तोंड करून पडायची. मला तसं पडायचं न्हाई. मला माझ्या पायानं फिरायचंय शेवटपर्यंत.” मग जरा थांबून, काहीशा लाजून, “आणि बागेत मला कुणी हाक मारत न्हाई बघ. तेवढा येळ कुणाला काय पाहिजे नसतं माझ्याकडून. गच्चीवर गेलं की खालून हाक येतीच.”

मी डॉक्टरांविरुद्ध पत्रक लिहायला घेतलं होतं. मथळासुद्धा ठरला होता. पण एका गोष्टीनं मला अडवलं. असं एकट्या काकूंचंच होतं का? दुसऱ्या दिवशी मी बागेत गेले आणि घोळक्यातल्या बायकांना विचारत सुटले, काय खाऊन आलात, गोळी कोणती, पायात काय आहे. आधी त्या हसल्या. “तू काय जनगणनेवाली हायस का?” मग मात्र एकेक जण सांगायला लागली. एकीचा गुरुवार होता आणि ती सकाळपासून कोरडी होती. एक जण पहाटेची नमाज झाल्यावर चहा-खारी खाऊन येत असे, तिचं बरं चाललं होतं. एकीच्या गुडघ्यात रोज कळ येई, कारण पायात मुलाचे टाकून दिलेले बूट, पुढं कापूस कोंबून. एक म्हणाली, “छातीत जरा भरून येतं चढावर, पण चालताना तसं होतंच की.” मी तिला त्याच दिवशी दवाखान्यात पिटाळलं. मला डॉक्टरकी येत नाही, पण छातीत भरून येणं ‘होतंच की’ नसतं एवढं मला कळतं.

सगळ्यांना कुणीतरी ‘चाला’ म्हणालं होतं. डॉक्टर, मुलगा, सून, मोबाईल. कुणीही त्यापुढं एक प्रश्न विचारला नव्हता.

मग मी डॉक्टरांकडं गेले. बाहेर रांगेत बसून राग नीट परजला. आत गेल्यावर सगळं एका दमात सांगितलं. ते ऐकत राहिले. मध्ये फक्त एकदा पेन खाली ठेवलं.

“पूजेआधी पाणी घेत नाहीत हे मला माहीत आहे,” ते म्हणाले. “माझी आजी पण घेत नसे. पण गोळी लिहिताना डोक्यात आलं नाही. विचारायला पाहिजे होतं. त्यांना घेऊन या. आप्पांना पण आणा.”

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. समोरचा माणूस चूक कबूल करतो तेव्हा काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

आप्पा कुरकुरत आले. डॉक्टरांनी काकूंचे तळपाय उलटे करून पाहिले, बोटांमधल्या फटी पाहिल्या, छातीचा ईसीजी काढला, बीपी घेतलं. मग आप्पांकडं वळले.

“तुम्ही सकाळी किती वाजता खाता?”

“आठला. अगदी ठरलेलं.”

“आणि ह्या?”

आप्पांनी काकूंकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. “खात असंल की. माझ्यानंतर.”

“किती वाजता?”

आप्पांना माहीत नव्हतं. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचं खाऊन, माहीत नव्हतं. ते मात्र खरोखर ओशाळले.

डॉक्टरांनी मग क्रम लावून दिला. आंघोळ, पूजा, गोळी, अर्ध्या तासानं खाणं, आणि त्यानंतर जरा वेळानं चालणं. गोळीचा जोर कमी केला. रात्रीचं जेवण सोडायचं नाही. सुरुवात थोडक्या, सपाट चालण्यानं, आणि वाढवायचं तेही हळूहळू, आठवड्या-आठवड्यानं. शेजारणीशी गप्पा मारता येतील इतकाच वेग. बोलताना धाप लागली तर हळू व्हायचं, छातीत दुखलं, गरगरलं, घाम सुटला तर तिथंच थांबायचं. पदराला साखरेची पुडी. बूट आपल्या मापाचे, आणि घरी आल्यावर पाय तपासायचे.

“आणि साखर खायची वेळ आली आणि पूजा व्हायची असंल तर?” काकूंनी विचारलं. मी याच प्रश्नाची वाट पाहत होते.

“गोळीला दोष नाही म्हणता ना? त्या वेळी साखर पण औषधच.”

काकूंनी विचार केला. घाईनं हो म्हटलं नाही. “आमच्या अय्यांना इचारते,” म्हणाल्या. अय्या म्हणजे त्यांच्याकडचे जंगम, लिंगायतांचे गुरू. त्यांनी हसून सांगितलं म्हणे, शरीर राहिलं तर पूजा राहील.

देव राजी, डॉक्टर राजी. राहिली आप्पांची भाकरी.

काकूंनी घरी येऊन जाहीर केलं, “उद्यापासून पूजा माझी आधी. मंग मी खाणार आणि फिरायला जाणार.”

“आणि माझं?”

“गरम पाहिजे असंल तर मी येईपर्यंत थांबा. न्हाई तर रात्रीच्या भाकरी हायत. कुस्करून फोडणी द्या.”

“मी?”

“हात हायत ना?”

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला. “मोहरी कुठं हाय?”

“लग्न झाल्यापासून हाय तिथंच!” काकू पायरी उतरत म्हणाल्या, आणि थांबल्या नाहीत.

आता घोळका आमच्या पुढं जातो. काकू जाऊ देतात. त्या रमत चालतात, बोलत चालतात, मला माझ्या लग्नाबद्दल छळतात. परवा आप्पांची फोडणी करपली, तर आप्पा उपाशीच दुकानाला गेले. काकूंना वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी त्या आल्याच.

ते पत्रक मी लिहिलं नाही. हे लिहिलं, आणि हे तुमच्यासाठी आहे. तुमच्या घरातली आई, सासू, बायको चालायला निघाली असेल, तर तिला बूट घेऊन दिलेत की तुमचं काम संपलं असं समजू नका. ती गोळी कधी घेते आणि पहिला घास कधी खाते, हे आज तिला विचारा. दोन्हींमध्ये तुमचा नाश्ता उभा असेल, तर तो बाजूला करा. उद्या सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही जा.