निफाडची माशी

माश्यांसाठी शिजवलेली खीर मावशी आधी स्वतः चाखायची. बोटाच्या टोकावर थेंबभर घ्यायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची, "गूळ कमी हाय. उपाशी मरतील पोरी."

पोरी म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावतात ती चिलटं, फळमाश्या. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि आमच्या प्रयोगशाळेत मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्टच्या खिरीवर हजारभर माश्या बाटल्यांत नांदत होत्या. मावशी सुरगाण्याकडची, रोजंदारीवरची शिपाई. विभागप्रमुखांनी तिला शब्द दिला होता, "मावशी, हा प्रकल्प नीट पार पाडा, तुम्हाला कायम करून घेऊ."

प्रकल्प सोपा आहे, घाबरू नका. रानातल्या माश्यांचे डोळे लालभडक असतात, आमच्या माश्यांचे जन्मतः पांढरे. पुण्याच्या एका संस्थेत त्यांच्या अंड्यांत बारीक सुईनं माणसाच्या एका आजाराचं जनुक सोडायचे आणि खूण म्हणून त्याला डोळ्यांना फिकट लाल रंग देणारं जनुक जोडायचे. त्या माश्या एस.टी.नं आमच्याकडे यायच्या. त्यांच्या पिलावळीत एखादी रंगीत डोळ्यांची निघाली, की समजायचं, जनुक आत बसलं. मग तिच्यावर त्या आजाराचा अभ्यास करता येतो.

मी हे मावशीला पंधरा मिनिटं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे आपण ठिगळ लावायचं, अन् ठिगळ दिसावं म्हणून लाल दोरा वापरायचा. एवढंच ना?"

पुढं कितीतरी वर्षं वर्गात मी हेच वाक्य वापरलं. माझंच म्हणून.

एकदा तपासणी समितीतल्या एका पाहुण्यांनी आत येताच नाक वर करून विचारलं, "वा! प्रसाद आहे का?" मावशीनं वाटीभर वाढला. वाटी चाटूनपुसून झाल्यावर म्हणाली, "माश्यांचा हाय साहेब, पण त्यात बुरशीचं औषध नव्हतं घातलं अजून." त्या वर्षी अहवालात आमच्या स्वच्छतेबद्दल एक अक्षर नव्हतं.

आता माझं सांगतो. फेब्रुवारीत निफाडहून सासऱ्यांनी द्राक्षांची पेटी पाठवली. प्रयोगशाळेत खायला सक्त मनाई. तो नियम भिंतीवर मीच लिहून लावला होता. एका हातात घड धरून मी दुसऱ्या हातानं माश्यांच्या बाटल्या बदलत होतो. एका बाटलीचं कापसाचं बूच काढलं, तेवढ्यात ऑफिसात फोन आला म्हणून उठून गेलो. पेटी तिथंच, बाटली उघडी.

दोन आठवड्यांनी त्या बाटलीत लाल डोळे! विभागप्रमुखांनी अख्ख्या कॉलेजात पेढे वाटले. पुण्याला फोन गेला. मावशीनं भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"सर, ही आपल्यातली नाय."

"अहो, डोळे लाल आहेत!"

"लयच लाल हायेत. अन् अंगानं बघा की, खात्यापित्या घरची. तुमच्या पेटीवर घोंगावत व्हत्या ना, त्यांचीच लेक. ही निफाडची."

मला लगेच पटलं. म्हणूनच मी म्हणालो, "मावशी, पेढा खा आणि गप्प बसा."

तिनं पेढा खाल्ला नाही. गप्प मात्र बसली.

पुण्यानं तपासलं. जनुकाचा पत्ता नव्हता, साधी रानची माशी. विभागप्रमुखांनी आम्हा दोघांना उभं केलं. "बाटली उघडी कोणी ठेवली?"

मावशी माझ्याकडे बघत म्हणाली, "सर सांगतील."

सरांनी सांगितलं. "मावशींकडून राहिली असेल," असं मी सांगितलं.

तिची बदली घंटा वाजवायला आणि पाणी द्यायला झाली. कायम होण्याचं नाव कोणी परत काढलं नाही. पाण्याचा तांब्या घेऊन ती माझ्या वर्गात यायची आणि जाताना साठ मुलांसमोर म्हणायची, "सर, दार लावून घ्या बरं. काय बाय आत शिरतं." मुलं हसायची. मीही हसायचो.

नव्या शिपायानं कागदावरची कृती बघून खीर केली. तिला बुरशी आली आणि दोन महिन्यांत पांढऱ्या डोळ्यांची एकही माशी उरली नाही.

काही वर्षांनी मावशी गावी गेली. मी जीपनं सुरगाण्याला पोचलो तेव्हा अंगणात नागली पाखडत होती. कबुलीचं वाक्य रस्ताभर घोकलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तिनं सूप खाली ठेवलं.

"पोरी कशा हायेत माझ्या?"

"मजेत आहेत," मी म्हणालो.

तिचा चेहरा असा उजळला, की मग दुसरं काही बोलायची सोयच राहिली नाही. नागलीची भाकर खाऊन मी उठलो. मावशी आता या जगात नाही, म्हणून हे तुम्हाला ऐकावं लागतंय.

त्या दिवशी जीपपर्यंत ती सोडायला आली. जीप सुटता सुटता तिनं खिडकीत हात ठेवून विचारलं, "थंडीत कपाटात बल्ब लावता ना त्यांना?"

"लावतो की," मी म्हणालो.