दारामागची यादी

स्वतःला नीट करता येते अशी एखादी वस्तू तुम्ही कधी मुद्दाम मोडकी ठेवली आहे का? आळस म्हणून नव्हे, सवड नाही म्हणूनही नव्हे. ती दुसऱ्याच कुणाच्या हातून नीट व्हावी म्हणून, आणि तो माणूस शनिवारपर्यंत येणार नाही हे ठाऊक असताना?

आमच्या शेजारच्या यमुनावहिनी ठेवत. मला हे कळलं एका बुधवारी. आमचा स्टोव्ह पेटेना म्हणून आईनं त्यांना हाक मारली. वहिनी हातात पाना घेऊन आल्या, जमिनीवर मांडी घालून बसल्या, पंपाचा चामडी वायसर बाहेर काढला, तेलात बुडवून बोटानं फाकवला आणि परत बसवला. पाच मिनिटांत स्टोव्ह फरफरायला लागला. विसरलेला पाना द्यायला मी त्यांच्या खोलीत गेले, तर त्यांचा स्वतःचा स्टोव्ह कोपऱ्यात गप्प पडलेला आणि वहिनी शेगडीच्या धुरात डोळे पुसत भाकरी थापत होत्या. त्या स्टोव्हचाही वायसरच गेला होता. मी म्हटलं, वहिनी, मग हा का नाही नीट केला?

"मीनूचे बाबा येतील न शनिवारी," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. नागपूरच्या इंदोरा वस्तीत आमची एका ओळीतली पाच-सहा घरं, मधल्या भिंती अर्ध्या विटेच्या. वहिनी महापालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवत. सुखदेवभाऊ, त्यांचे यजमान, पारशिवनीच्या पलीकडे कालव्याच्या कामावर मजुरांची हजेरी घेत आणि तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये राहत. वहिनींची नोकरी पक्की होती आणि कालव्यावर शाळा नव्हती, म्हणून एक संसार दोन जागी मांडलेला. शनिवारी अर्धा दिवस भरून भाऊ बस धरत ते दिवे लागायच्या सुमारास घरी पोचत. सोमवारी उजाडायच्या आत त्यांची परतीची बस. नवरा-बायको आणि चार वर्षांची मीनू, या तिघांना आठवड्यातून एक रविवार मिळायचा.

त्या रविवारची तयारी वहिनी सोमवारपासून करत. त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला शाळेच्या खडूनं लिहिलेली यादी असे. दाराची कडी. स्टोव्ह. छत्रीची काडी. पिसाई, म्हणजे दळण. आणि सर्वांत खाली, दर आठवड्याला न चुकता, मीनूची नखं. भाऊ आले की शर्ट खुंटीला लावत, पाय धूत आणि दारापुढे उभे राहून यादी मोठ्यानं वाचत. अर्ध्या भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"मास्तरीणबाई, हे एका रविवारचं हाये का साऱ्या महिन्याचं?"

"होईल तेवढं करा. नापास नाही करत मी कोणाले."

मीनू मात्र शनिवारी संध्याकाळी बापाजवळ जात नसे. आईच्या पातळाआड उभी राहून ती त्यांच्याकडे बघत राही. रविवारी सकाळी भाऊ ओट्यावर बसून ब्लेड काढत आणि म्हणत, चला, वाघिणीची नखं कापायची हायेत. मग ती भीत भीत एक बोट पुढे करी. पाचव्या बोटापर्यंत बोलायला लागे. दुसरा हात होईस्तोवर त्यांच्या मांडीवर बसलेली असे. मग तिघं बाहेर पडत. सायकलच्या दांडीवर मीनू, मागं पिठाचा डबा, बाजूनं वहिनी पायी. चक्कीवर डबा ठेवायचा, मटण आणायचं, दुपारून सीताबर्डीत छत्रीवाल्याकडे जायचं आणि तसंच पुढे महाराजबागेत. परतताना मीनू बापाच्या खांद्यावर झोपलेली. सोमवारी ती उठेपर्यंत बाप गेलेला असे. पुढच्या शनिवारी पुन्हा पातळाआडून सुरुवात.

मला या सगळ्याचा राग येई. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. मी अक्षरं शिकले ती त्यांनी घरी आणलेल्या सभांच्या पत्रकांवर, आणि गणितं केली ती त्याच पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. माणसानं माणसासाठी वाकू नये, हे मला बाराखडीबरोबरच पाठ झालं होतं. आता मी स्वतःही चळवळीच्या अभ्यासवर्गाला जाई आणि पत्रकं लिही. तेव्हा शिकलेली, कमावती बाई नवऱ्याच्या हाताला काम मिळावं म्हणून आठवडाभर धूर खाते, याला माझ्याकडे एकच शब्द होता, आणि तो मी वहिनींना तोंडावर ऐकवला. गुलामी.

त्या हसल्या. "लिहून टाक वं तुह्या पत्रकात, यमुना मागासलेली हाये म्हणून. शुद्ध लिहिजो फक्त. मांगच्या पत्रकात चार चुका होत्या तुह्या."

असं त्यांचं होतं. भांडायला गेलेल्या माणसाच्या हातात त्या पाटी-पेन्सिल देत. वर्गातल्या आडदांड पोराला कधी मारत नसत, त्याला म्हणत, "तुले येत नाही असं नाही गा, तू अजून केलं नाही." आमच्या ओळीत कुणाचं बाळंतपण असो, कुणाची तार येवो, वहिनी आधी हजर. पण रविवारी कुणी दार वाजवलं तर त्या दारातूनच सांगत, "सहा दिवस मी तुमची हाये. आजच्या दिवसाले हात लावू नोका." सहा दिवस त्या तुमच्याआमच्यासारख्या बोलत, हसत. संध्याकाळी मात्र मीनू झोपली की कंदिलाजवळ वह्या तपासत बसत, आणि एखादी वही दोनदा तपासत, कारण तपासायचं संपलं की काही उरायचं नाही. अर्ध्या भिंतीवरून मी ते पाहिलं आहे. तेव्हा मला ते त्यांचं कर्तव्य वाटे.

एका शनिवारी शाळा तपासायला साहेब यायचे होते. वहिनी सकाळीच गेल्या, मीनूला आणि किल्लीला आमच्याकडे ठेवून. आदल्याच दिवशी आमच्या अभ्यासवर्गात बायकांच्या श्रमांवर कडाक्याचं बोलणं झालं होतं. मी ठरवलं, बोलणं पुरे. वहिनींचं दार उघडलं, यादी वाचली आणि कामाला लागले. कडी ठोकून बसवली. स्टोव्हचा वायसर वहिनींनी केला तसाच फाकवून लावला. दळण चक्कीवर नेलं, दुकान उघडेपर्यंत उभं राहून छत्री करून आणली. दुपारी मीनूला मांडीत घेऊन तिची वीसच्या वीस नखं कापली. शेवटी ओल्या फडक्यानं दार पुसून लख्ख केलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खरं क्रांतिकार्य होतं, असं मला वाटत होतं.

वहिनी चार वाजता आल्या. दाराकडे पाहून थबकल्या. कडी हलवून पाहिली. मग मीनूचा हात हातात घेऊन तिची बोटं पाहिली, एकेक.

"सारं केलं काय वं? बरं केलं," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी भाऊ आले. शर्ट खुंटीला लागला, पाय धुतल्याचा आवाज आला, पण यादी वाचल्याचा आला नाही. त्यांनी विचारलं, या हप्त्यात काही काम नाही का? वहिनी म्हणाल्या, नाही, तुम्ही आराम करा. रविवारी सकाळी ते खाटेवर बसून होते. वर्तमानपत्र दोनदा वाचून झालं. मीनूला हाक मारली तर ती आईमागे गेली. त्यांच्याजवळ तिला बोलवायला काही निमित्तच नव्हतं. दहाच्या सुमारास वहिनींनी इस्त्रीचं पातळ नेसलं आणि तिघं महाराजबागेत गेले. चक्की नाही, डबा नाही, छत्री नाही; सरळ फिरायला म्हणून फिरायला. दीड तासात परत आले. मीनू आईचं बोट धरून चालत होती, आणि भाऊ चार पावलं पुढे, मोकळी सायकल हातानं ढकलत. जेवण झाल्यावर ते म्हणाले की कामावर एक नवीन टोळी यायची आहे, आजच गेलेलं बरं. दोनच्या बसनं गेलेही.

मी विजयाच्या ऐटीत वहिनींकडे गेले. रविवार कसा मोकळा गेला, असं काहीतरी विचारलंही. वहिनी इस्त्रीचं पातळ तसंच नेसून खाटेच्या कडेला बसल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"कडी मले लावता येते, रत्ना. स्टोव्ह बी येते. मले सारं येते. मी सारंच करून टाकलं तर त्यायले काय वाटन? ह्या घरात आपल्यावाचून काही अडत नाही. मंग माणूस घरी येते तो पाहुना म्हणूनच येते न?" मग म्हणाल्या, "अन् मले सारं येते म्हणून मी एकटीच राहू काय जन्मभर?"

मी माफी मागायला लागले तर त्यांनी मला हातानंच थांबवलं. लेखणी हाये न तुह्याजवळ, म्हणाल्या. तिचं काम करून दे. भाऊंच्या बदलीचा अर्ज लिहायचा होता.

मी तीन संध्याकाळी खपून चार पानं लिहिली. त्यात शोषण होतं, कष्टकऱ्यांची कुटुंबं उद्ध्वस्त करणारी व्यवस्था होती, जाहीर निषेध होता. वहिनींनी लाल पेन्सिल घेतली आणि वह्या तपासतात तसा तो अर्ज तपासला. वरच्या औपचारिक ओळी ठेवल्या, बाकी चारही पानांवर रेघ ओढली आणि खाली स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: माझी मुलगी चार वर्षांची आहे. दर शनिवारी ती वडिलांना नव्याने ओळखते.

"बस. साहेबाले पोरं असतीन तर समजन," त्या म्हणाल्या. "मले भीक मागाची नाही अन् भांडन बी कराचं नाही. जे हाये ते सांगाचं हाये."

अर्ज गेला. उत्तर आलं, विचार चालू आहे. पुढच्या जूनमध्ये वहिनींनी तोच अर्ज पुन्हा लिहिला. फक्त चारच्या जागी पाच केलं. त्याच्या पुढच्या जूनमध्ये सहा. दारामागची यादी त्या मोकळ्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी परत सुरू झाली होती, पण मीनू मोठी होत होती. सातव्या वर्षी ती स्वतःची नखं स्वतः कापायला लागली. वहिनींनी ती ओळ यादीतून काढली नाही. भाऊ ती वाचत, पण ब्लेड काढत नसत. माझं लग्न झालं, मी अकोल्याला गेले. दिवाळीला माहेरी आले की भिंतीवरूनच विचारायची, काय झालं? त्या म्हणत, "आता धा लिहिलं."

एका उन्हाळ्यात माहेरी आले असताना मी सदर बाजारात खरेदीला गेले होते, तर चपला-बुटांच्या दुकानात तिघं दिसले. बदली अखेर मिळून दोन महिने झाले होते. भाऊ आता नागपुरातच, रोज संध्याकाळी घरी. केस पिकलेले, चेहरा उजळलेला. मीनू तेरा वर्षांची, आईएवढी उंच. भाऊंनी तिच्यासाठी स्वतः बूट निवडले होते आणि दुकानदाराला मोठ्या आवाजात सांगत होते की माझ्या पोरीचा पाय मला माहीत आहे. मीनूनं पाय आत घातला. तो जात नव्हता, हे मला चार हातांवरून दिसलं. तिनं टाच दाबली, ओठ दाबले, पाय आत बसवला आणि दोन पावलं चालून दाखवली.

"बरोबर आहेत, बाबा," ती म्हणाली. "छान आहेत."

भाऊ खूश होऊन खोकं बांधायला सांगायला गेले. वहिनी माझ्याजवळ आल्या. बऱ्याच दिवसांनी भेटत होतो, पण त्यांनी खुशाली विचारली नाही. त्यांची नजर पोरीच्या पायावर होती.

"माह्यासंग असती तर भांडली असती. दुकान डोक्यावर घेतलं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "बापासमोर पाय चेपून घेते, पण त्यायचं मन नाही मोडत. परक्याचं मन जपते तशी जपते वं ते त्यायले."

मी काही म्हणायच्या आत भाऊ परत आले. वहिनी लगेच हसल्या, आणि बाजारातल्या गर्दीत तिघं निघून गेले.

ही माझी आणि त्यांची शेवटची भेट; त्या दिवाळीला माझं माहेरी येणं झालं नाही. पुढच्या हिवाळ्यात आईच्या पत्रातून कळलं की यमुनावहिनी आठ दिवसांच्या तापात गेल्या. घरात मागे बाप आणि लेक उरले. एकमेकांशी अतिशय अदबीनं वागतात, असं आईनं लिहिलं होतं.

तुमच्यापैकी जे कुठल्याही कचेरीत टेबलामागे बसतात, त्यांना माझं एक मागणं आहे. तुमच्या कपाटात बदलीचे अर्ज आहेत. उद्या सकाळी गेल्यावर त्यातला सर्वांत खालचा, सर्वांत जुना अर्ज काढा. त्यात मुलाचं किंवा मुलीचं वय लिहिलेलं असेल. अर्जावरची तारीख पाहा आणि ते मूल आज किती वर्षांचं झालं, ते मनाशी म्हणा. मग तो अर्ज पुन्हा कपाटात ठेवू नका. उठा, आणि दुपारच्या आत त्यावर सही घेऊन या.