पाचवं माणूस

दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार. रिसॉर्टचे चार माणसांचे नऊ हजार सहाशे, आगाऊ भरलेले. हजर मी, बायको, मुलगा, मुलगी. आणि वाटेत गारगोटीला गाडीत घेतलेली माझी आत्या, वय चौऱ्याहत्तर.

रिसॉर्ट जंगलाच्या कडेला. फोनला रेंज नाही. जादा माणसाला अठराशे. आत्या दीड भाकरी खाणार आणि मुलांच्या खोलीत चटईवर झोपणार, मग अठराशे कशाला, असा माझा हिशोब. गेटवरच्या माणसाला मी सांगितलं, "आत्या नुसत्या भेटायला आल्यात. संध्याकाळी जातील." आत्यालाही तेच पढवलं.

"अहो, कशाला उगीच?" बायको म्हणाली.

"एका रात्रीच्या झोपेचे अठराशे?"

सव्वासहाला आम्ही पोहून आलो, तर आत्या खोलीत नव्हती. जेवणघरात नाही, बागेत नाही. गेटवर गेलो.

"साहेब, आजी मघाशीच गेल्या की. मीच गेट उघडलं."

"कुठं गेल्या?"

"घरी. तुम्हीच म्हणालासा न्हवं, संध्याकाळी जाणार हाईत म्हणून? एखादी गाडी गावली असंल त्यास्नी."

ती साडेपाचला गेली होती. शेवटची एस्टी चारची. दिवस मावळला की त्या रस्त्यावर गवे उतरतात, हे त्यानंच सकाळी सांगितलं होतं. तरी तो निवांत होता, कारण त्याच्या लेखी ती घरी निघालेली बाई होती. मुलांच्या देखत मला सांगावं लागलं, की मी खोटं बोललो, तिला इथंच राहायचं होतं. तो बॅटरी घेऊन गाडीत बसला.

दोन किलोमीटरवर, मोरीच्या कठड्यावर आत्या दिसली. शेजारी एक दूधवाला, मोटरसायकलचा दिवा विझवून. पुढं वीसेक पावलांवर तीन गवे रस्ता अडवून उभे. दूधवाल्यानं हातानंच थांबायची खूण केली. मीही दिवे विझवले. अकरा मिनिटं. आत्याकडं बघवेना, म्हणून घड्याळ बघत होतो.

गवे ओढ्यात उतरले, तसा दूधवाला माझ्यावर ओरडला, "पावणं, म्हातारीला असं एकटं सोडत्यात व्हय?"

"त्यानं न्हाय सोडलं," आत्या म्हणाली. "गेटवाला सारखा इचारत हुता, आजी, कधी निघायचं. म्हटलं, गेल्यागत करावं, अंधार पडला की मागल्या अंगानं यावं. पोराचा शब्द खोटा पडाया नको. पण वाटच गावंना की."

आत्यासाठी थांबल्याबद्दल मी देऊ केलेले पैसे दूधवाल्यानं घेतले नाहीत.

सकाळी मी पाकीट घेऊन मॅनेजरकडं गेलो. त्यानं पावतीची स्थळप्रत दाखवली. आत्या माझ्याआधी येऊन गेली होती. गाडीत मी पैसे पुढं केले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जादा मीच झाले न्हवं?"

एकूण अकरा हजार चारशे. त्यातले अठराशे आत्यानं कनवटीचे काढून मॅनेजरला दिले.